अकरा माणसांचे फादर

फादर इनास आमच्या गावात एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक हार्मोनियम आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेले केळीचे दोन मुनवे होते. ट्रंक आणि हार्मोनियम समजण्यासारखं होतं. पण कवठे महांकाळच्या पलीकडच्या माळावर, जिथं उन्हाळ्यात बाभळीसुद्धा दमल्यासारख्या दिसतात, तिथं केळी लावायला निघालेला माणूस गाव पहिल्यांदाच पाहत होतं. स्टँडवर गणपत हवालदार बसलेले होते. सैन्यातून पेन्शनवर आल्यापासून गावात येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणं हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम.

"काय आनलंय हे, पाव्हणं?"

"केळी. आमच्या वसईची. इथं लावीन म्हणतो."

"आन् पानी?"

फादरांनी चारी बाजूंना पाहिलं. माळ होता, माळाच्या मागं दुसरा माळ होता. "विहीर असेल ना?"

"हाय की. पाच परस खोल हाय," हवालदार म्हणाले. "पानी तेवढं न्हाई."

फादर हसले. ते हसले की रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. तो आवाज गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि पुढची बारा वर्षं रोज ऐकला.

इनास हे नाव कुणाच्या तोंडात बसेना. स्टँडवरून ते पारापर्यंत पोचेतो त्याचं इनाम झालं, आणि दुसऱ्या दिवशी गावभर झालं की नवा पाद्री इनामदार आहे. पुढं पोस्टमनसुद्धा "इनामदार फादर" अशी हाक मारून पत्र द्यायचा. या इनामदारांच्या मालकीचे दोन पांढरे झगे होते आणि एक चामडी चप्पल. चर्चची एक जुनी मोपेड होती, तिचा हॉर्न बंद होता. फादरांनी तो कधी दुरुस्त करून घेतला नाही. वळण आलं की ते मोठ्यानं गाणं म्हणत. आवाज दणदणीत, सुराला जरा कच्चा. म्हशीसुद्धा बाजूला सरायच्या.

चर्च म्हणजे एक बसकी दगडी इमारत. फार पूर्वी एका दुष्काळात कुणी परदेशी पाद्री धान्य घेऊन इथं आला होता, त्यानं बांधलेली. त्याच्या वेळच्या कुटुंबांपैकी आता चार घरं उरली होती. चार घरांत मिळून माणसं अकरा. या अकरा माणसांसाठी फादर दर रविवारी सकाळी मिस्सा म्हणत, म्हणजे त्यांची उपासना चालवत, आणि प्रवचन असं देत की समोर हजारभर लोक बसलेत. माझ्या गच्चीवरून चर्चचं अंगण दिसायचं आणि खिडक्या उघड्या असल्या की प्रवचनही ऐकू यायचं. त्यामुळं मी धरून बारा.

मी गावच्या हायस्कूलात मराठी शिकवायची. माहेर माझं मेढ्याचं. डोंगर, धुकं आणि भातखाचरं सोडून लग्नानंतर या माळावर आले. यजमान सैन्यात, वर्षातून दोनदा येणार. पहिली काही वर्षं मला हिरवा रंग आठवून रडू यायचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माहेर कुठलं ते ऐकून फादरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "बाई, मेढ्याला ओढ्यांना आत्ता पाणी असेल ना?" मग त्यांनी मला वसईच्या वाड्या सांगितल्या, विहिरी, रहाट, पानवेली. मी त्यांना मेढ्याचा पाऊस सांगितला. दोन तहानलेली माणसं पाण्याबद्दल बोलावीत तसं आम्ही तासभर बोललो.

मी मराठीची शिक्षिका आहे हे कळल्यावर दर शनिवारी दुपारी फादर वही घेऊन यायला लागले. वहीत उद्याचं प्रवचन लिहिलेलं असे.

"बाई, जरा ऱ्हस्व-दीर्घ बघता?"

"फादर, तुम्ही हे बोलून दाखवणार. बोलताना वेलांटी कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसते ना," ते म्हणायचे. "चुकीची वेलांटी दिसली की मी अडखळतो. देवाला वाटेल, याचा विश्वास अडखळला."

मी लाल पेनानं खुणा करायची आणि ते शाळेतल्या मुलासारखे मान वाकवून बघत बसायचे. त्यांची मराठी चांगली होती, पण वसईची होती. आमच्या लोकांना ती पुस्तकातली वाटायची. पहिले काही महिने अकराजण त्यांचं प्रवचन आदरानं ऐकत आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारत, काय म्हणाले? मग एका रविवारी येशू क्रुसावर असतानाची गोष्ट सांगताना फादर म्हणाले, "येशूला लय तहान लागली होती." सगळं चर्च हसायला लागलं. फादरही हसले. त्या दिवशी मार्थाबाई घरी जाताना रस्त्यात भेटेल त्याला सांगत होत्या, "आज कळलं बघा, परभूला तान लागली हुती. आजवर निस्तं तृषा-तृषा म्हनत हुते."

या मार्थाबाई अकरांतल्या सगळ्यांत थोरल्या. सत्तरीच्या पुढं कधीतरी त्यांनी वय मोजणं सोडून दिलं होतं. ऐकू फार कमी येई, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो तसा त्यांचा होता. त्यातून एक अवघड प्रसंग उभा राहिला. त्यांच्या धर्मात माणसानं आपली पापं फादरांच्या कानात सांगायची असतात आणि फादरांनी ती मरेपर्यंत कुणाला सांगायची नसतात. मार्थाबाईंनी चर्चमध्ये गुडघे टेकून पहिलं पाप सांगितलं ते मला माझ्या गच्चीवर वाळवण घालताना ऐकू आलं.

"सुनंच्या वाट्याची शेंगदान्याची चटनी म्या खाल्ली, फादर! आन् नाव मांजराचं सांगितलं!"

सून चर्चच्या पायरीवरच बसली होती. त्या घरात आठ दिवस अबोला होता.

फादर बेचैन झाले. नियम तर पाळायला हवा, म्हातारीचं मन मोकळं व्हायला हवं, आणि ते गल्लीला कळता कामा नये. दोन दिवस विचार करून ते दस्तगीरचाचांच्या पिठाच्या गिरणीत गेले. गिरणी सुरू झाली की तिथं शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं बोलणंही कळत नसे. फादरांनी सगळा प्रकार सांगितला. दस्तगीरचाचा दाढीवरचं पीठ झाडत म्हणाले, "इतकंच ना? शनवारी या. पर गिरनी रिकामी फिरवता येत न्हाई, दगड खराब हुत्यात. मी माझ्या घरचा शाळू दळाय ठेवीन."

त्यानंतर दर महिन्याच्या एका शनिवारी गावानं हे दृश्य पाहिलं. गिरणी घडघडतेय, पिठाचा धुरळा उडतोय, कोपऱ्यात पोत्यावर मार्थाबाई हातवारे करत ओरडतायत, फादर त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन मान हलवतायत, आणि दाराबाहेर पाठ करून दस्तगीरचाचा पहाऱ्यावर उभे आहेत. एकदा कुणीतरी चाचांना छेडलं, "म्हातारी काय काय सांगती हो?"

"आवं, माझा बाप येऊन बोलला तरी मला तितं ऐकू येत न्हाई," चाचा म्हणाले. "आन् आलं असतं तरी सांगितलं नसतं. ती त्यांची अमानत हाय."

पाप सांगून झालं की मार्थाबाई पांढऱ्याफटक होऊन बाहेर यायच्या. पिठामुळं. फादर म्हणायचे, "बघा, आतून-बाहेरून स्वच्छ!"

बारा वर्षांत फादरांनी किती जणांना बाटवलं, असं पुढं मोठमोठ्या आवाजात विचारलं गेलं म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. गल्लीतला बापू, चांगला दहा एकरांचा शेतकरी, एकदा न्हाऊनधुऊन, धुतलेला सदरा घालून फादरांकडे गेला.

"फादर, मला तुमच्यात घ्या."

"का रे बापू?"

"पोरीचं मिरजंला नर्सिंगचं ॲडमिशन हाय. तुमच्या लोकांचं दवाखानं असत्यात म्हनं."

फादरांनी त्याला चहा दिला. मग विचारलं, "बिरोबानं तुझं काय वाईट केलंय?"

"काय न्हाई. चांगला देव हाय."

"मग त्याला सोडून कशाला येतोस? पोरीचे मार्क सांग." मार्क चांगले होते. फादरांनी स्वतः फॉर्म भरला, तिच्यासोबत मिरजेला दोन हेलपाटे घातले आणि ॲडमिशन झाल्यावर बापूला सांगितलं, "आता बिरोबाला नारळ फोड. त्याच्या माणसाला मी पळवलं नाही, हे त्यालाही कळू दे." बापूनं नारळ फोडला आणि त्यातलं अर्धं खोबरं फादरांना आणून दिलं. त्यांनी ते लगेच उभ्या उभ्या खाल्लं.

कॅनॉलचं पाणी आमच्या शिवारात आलं त्या वर्षी वसईच्या केळीला पहिला घड आला. तोवर किती मुनवे मेले आणि किती पुन्हा वसईहून आले ते फादरच जाणोत. कुणी चेष्टा केली की ते म्हणायचे, "घाई कुणाला आहे?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मोपेड पंक्चर झाली, एसटी चुकली, मार्थाबाईंनी एकच पाप तिसऱ्यांदा सांगायला घेतलं, तरी हेच.

मधल्या काळात गणपत हवालदारांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही, शेत बघणारा पुतण्या सांगलीला. फादर रोज सकाळची मिस्सा झाली की साबण आणि टॉवेल घेऊन हवालदारांकडे जायचे. त्यांना उचलून मोरीतल्या पाटावर बसवायचे आणि आंघोळ घालायचे. हवालदार तोंडानं अजून परेडवरच होते.

"फादर, पाठ जोरात घासा! मिलिटरीची पाठ हाय!"

"येस सर!"

"कानामागं!"

"येस सर!"

हे असं दीड वर्ष रोज चाललं. फादर परगावी गेले तर आदल्या दिवशी दोन आंघोळी घालता येत नाहीत याचंच त्यांना वाईट वाटे.

एके दिवशी त्या मोरीच्या खिडकीतून कुणीतरी फोटो काढला. हवालदार डोळे मिटून बसलेत, पांढऱ्या झग्याच्या बाह्या वर सारून फादर त्यांच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओततायत. फोटोखाली लिहिलं होतं की आजारी म्हाताऱ्याला पाणी टाकून बाटवण्यात येत आहे. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुकाभर मोबाईलवर फिरला. मला माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या पालकानं पाठवला, खाली विचारलं होतं, तुमच्या गावात हे काय चालू आहे?

मग अनोळखी नंबरांवरून फादरांना फोन यायला लागले. चर्चच्या भिंतीवर काळ्या रंगात शिव्या लिहिल्या गेल्या. बाजारात एकदोन दुकानदार त्यांच्याशी बोलेनासे झाले. एका सकाळी चर्चच्या दोन खिडक्या फुटलेल्या होत्या. फादर काचा झाडताना गात होते, पण मी गच्चीवरून बघत होते, झाडलेलीच जागा ते पुन्हा पुन्हा झाडत होते.

तक्रार झाली आणि फादरांना पोलीस ठाण्यात चौकशीला बोलावलं. ते मोपेडवरून निघाले, तर पाठोपाठ दस्तगीरचाचांच्या टेम्पोत खुर्चीसकट गणपत हवालदार आणि बाजूला बापू. मीही शाळेतून अर्धी रजा टाकून गेले. तिथले साहेब शांत होते. त्यांनी विचारलं, "फादर, तुम्ही कुणाकुणाचं धर्मांतर केलं?"

"एका माणसाचं करायचा प्रयत्न करतोय साहेब, बरीच वर्षं," फादर म्हणाले. "इनास नाव आहे त्याचं. अजून जमत नाही."

साहेबांना हसू आवरेना. तेवढ्यात बापू पुढं सरसावला. "सायेब, माझं ऐका. मी सोता ह्येंच्या दारात गेलतो, मला घ्या म्हनून. ह्येनी घेतलं न्हाई. चहा पाजून हाकललं!"

आणि हवालदारांनी डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. "मला आंगूळ घातली ह्येनं. रोज घालतोय. माझा धर्म काय साबनात हुता व्हय, धुऊन जायला?"

तक्रार तिथंच मिटली. परत येताना टेम्पोत सगळे इतके हसत होते की बापूला ठसका लागला. आम्हाला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. तालुक्याबाहेरची माणसं गावात येऊन जायला लागली. हवालदारांचा पुतण्या त्यांच्यात असायचा. चुलत्याचं डोकं या पाद्र्यानं फिरवलंय, आता जमीनही चर्चला लिहून घेईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पुण्याहून बिशपांचा फोन आला की काही महिने इकडे येऊन राहा. फादर नाही म्हणाले. मार्थाबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या आता जातील, मग जातील असं सगळेच म्हणत होते, आणि त्यांच्या शेवटच्या वेळी कपाळाला तेल लावून प्रार्थना करायला मी असेन, असा शब्द फादरांनी त्यांना दिलेला होता.

त्या शनिवारी ते वही घेऊन आले तेव्हा मी रागावलेच. "बिशप सांगतायत तर जा ना, फादर. दोन महिन्यांनी या."

"जाईन. घाई कुणाला आहे?"

"ही चेष्टेची वेळ नाही."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बाई, मला भीती वाटते. खरंच वाटते. मोटरसायकलचा आवाज आला की मी दाराची कडी बघून येतो. पण माझी माणसं अकरा. हजार असती तर त्यांना दुसरा कुणी मिळाला असता. अकरांसाठी कोण येणार? मी पळालो तर ती म्हणतील, आपल्यासाठी थांबण्यासारखं काही नव्हतं." मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तिसऱ्या ओळीतला 'आशीर्वाद' बघा हो. दरवेळी चुकतो."

बरोबर लिहिला होता. मी तसं सांगितलं. त्यांना फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा झावळ्यांचा रविवार होता. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. आमच्याकडे माड कुठले? ओढ्याकाठच्या शिंदीचे फाटे आणायचे. अकरांतल्या मार्थाबाई घरी होत्या. बाकीचे दहाजण फाटे घेऊन अंगणात एक फेरी मारून, गाणं म्हणत आत गेले. ऊन वर यायला लागलं होतं. मी गच्चीवर गव्हाला ऊन देत होते. तेवढ्यात एक जीप आणि सहा-सात मोटरसायकली चर्चसमोर येऊन थांबल्या.

फादर बाहेर आले. त्यांनी आपल्या मागं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि पायरीवर उभे राहिले. आत बायका रडायला लागलेल्या मला ऐकू येत होत्या. मी जिन्याकडे धावले, पण जाता जाता ऐकलं, फादर नेहमीच्या आवाजात म्हणत होते, "या. आत म्हातारी माणसं आहेत, त्यांना घाबरवू नका. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

मी रस्त्यावर पोचले तेव्हा एकानं त्यांच्यापुढं कागद धरलेला होता. आजपासून या गावात प्रार्थना करणार नाही, गाव सोडून जाईन, असं लिहिलेलं. सही करा म्हणत होते. फादरांनी झग्याच्या खिशातून चष्मा काढला, कागद नीट वाचला आणि परत दिला.

"यात 'प्रार्थना'चा रफार राहिलाय," ते म्हणाले. "पण दुरुस्त करून आणलंत तरी मी सही करणार नाही. मला मारायचं तर मारा. हे सोडून दुसरं काही मला येत नाही."

ते हे उर्मटपणे बोलले नव्हते. समजावल्यासारखे बोलले होते. गर्दीतल्या एकदोघांच्या चेहऱ्यावर मला क्षणभर गोंधळ दिसला. आणि मग गर्दीच्या मागून काठी आली. ती कुणाच्या हातात होती ते मी पाहिलं. पहिल्या फटक्याला फादर गुडघ्यावर आले, पण दाराची कडी त्यांनी धरली ती सोडली नाही. दुसऱ्याला पडले.

तोवर गल्ली जागी झाली होती. दस्तगीरचाचा गिरणीतून तसेच पांढरे धावत आले, बापू कुऱ्हाड घेऊन आला, बायका हाताला येईल ते घेऊन आल्या, आणि समोरच्या आपल्या घराच्या ओट्यावरून खुर्चीत बसलेले गणपत हवालदार पलटणीला हुकूम द्यावा तसे ओरडत होते. आलेली माणसं पळाली. आम्ही कडी काढली. आतल्या दहाजणांतल्या एकालाही खरचटलं नव्हतं.

हवालदारांनी त्याच दिवशी पोलिसांना नाव दिलं. "लिवा," ते म्हणाले. "माझ्या सख्ख्या भावाचा ल्योक हाय. सगळं नाव लिवा."

मिरजेच्या दवाखान्यात फादर दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी तिथंच होते. फादर म्हणाले, "मारणाऱ्याला मी ओळखतो. मी त्याला माफ केलंय, म्हणून नाव मी सांगणार नाही. तुम्ही तुमचं काम करा."

पोलीस गेल्यावर मी म्हणाले, "तुम्ही माफ करा, फादर. मला ते जमणार नाही. मी पाहिलंय, मी सांगणार."

"सांगा ना," ते म्हणाले. "खरं तेच सांगा. कमी नको, जास्त नको. आणि सही करायच्या आधी शुद्धलेखन तपासा."

मी तसंच केलं. खटला अजून चालू आहे.

बुधवारी पहाटे डोक्यातला रक्तस्राव वाढला आणि फादर गेले. वसईहून त्यांचा भाऊ आला होता, गावी न्यायचं म्हणून गाडी सांगून. पण रस्त्याला दोन्ही बाजूंनी उभी असलेली माणसं त्यानं पाहिली. गिरणी बंद, बाजार बंद, बापूची मुलगी नर्सच्या गणवेशातच आलेली. भावानं गाडीवाल्याला परत जायला सांगितलं. मग बिशपांना म्हणाला, "हा आता इथलाच आहे. इथंच राहू दे." चर्चमागच्या अंगणात त्यांना पुरलं. मार्थाबाईंना खाटेवरून उचलून आणलं होतं. कुणी काय झालं ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नंबर माझा हुता! ह्यो रांगंत मधीच घुसला!" आणि रडत असलेली माणसं हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. त्या पुढं दोन वर्षं जगल्या.

लोक आता फादरांना हुतात्मा म्हणतात. ते खरंच आहे. पण तो शब्द ऐकला की मला ती पायरी आठवत नाही. मला मंगळवारची दुपार आठवते, मी त्यांना शेवटचं पाहिलं ती. डॉक्टरांना तब्येत बरी वाटली म्हणून त्यांना जनरल वॉर्डात आणलं होतं. मी निरोप घेऊन निघाले, दारापाशी चप्पल घालायला थांबले आणि मागं पाहिलं. शेजारच्या खाटेवर शिराळ्याकडचा एक म्हातारा शेतकरी होता. ऑपरेशन झाल्यापासून तो जेवत नव्हता, सून ताट घेऊन रडकुंडीला आली होती. डोक्याला पट्टी बांधलेले फादर कुशीवर वळून त्याच्याकडे हात पसरत होते.

"आजोबा, एक घास तुम्ही, एक घास मी. मलाही नको वाटतंय जेवण. तुम्ही खाल्लंत तर मी खाईन."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. सुनेनं घास पुढं केला. त्यानं तोंड उघडलं, चावला, गिळला, आणि मग विचारलं, "तुमी कोन? डाक्टर का?"

"नाही हो," फादर म्हणाले आणि स्वतःचा घास घ्यायला त्यांनी आ केला. "शेजारी."